‘निग्रह लागतो, गोळी नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

दारू सोडवणाऱ्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया मिळाली. ‘अहो लेखकमहाशय’ आणि शेवटची तीन उद्गारचिन्हं नसती, तर आभारही मनापासून मानले असते.

चूक आधी कबूल करतो. डायसल्फिरमला (ही गोळी घेऊन दारू प्यायली की अंगाला त्रास होतो) अमेरिकेत मान्यता १९५१ मध्ये मिळाली; मी १९९४ लिहिलं, ते नाल्ट्रेक्सोन या दुसऱ्या गोळीला दारूसाठी मान्यता मिळाल्याचं साल. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ते वाक्य : ‘ज्याला मनापासून सोडायचीय त्याला गोळी लागत नाही.’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. आजी म्हणायची, आत्या म्हणायची, आणि दर गटारीच्या दुसऱ्या दिवशी वडील स्वतः म्हणायचे. निग्रह काय कमी होता त्यांच्याकडे? चौतीस वर्षं पहाटे साडेचारला उठून कामावर गेलेला माणूस! पण बुजरा. चारचौघांत तोंड उघडायचं तर आधी दोन पेग पोटात हवेत. धाकटा काका अगदी उलटा, उतावळा, मैफलीचा राजा; एकदा बसला की बाटली संपवूनच उठणार. एकाला भीती प्यायला लावायची, दुसऱ्याला चढण्याची मजा.

नाल्ट्रेक्सोन मेंदूत नेमकी ती मजाच अडवतं. काकाला ५० मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू झाली आणि महिन्याभरात एका लग्नात मी पाहिलं : तिसरा पेग ग्लासात तसाच, शेंगदाण्याची वाटी मात्र साफ. वडिलांना त्याच गोळीचा काडीचाही उपयोग झाला नाही. लेखात स्वभावावर दोन परिच्छेद आहेत ते याचसाठी. ते वाचलेत का, अशी शंका येते.

दारूच्या व्यसनावरच्या उपचारांच्या अमेरिकेतल्या कम्बाइन चाचणीत (२००६) १,३८३ माणसं होती, सगळी सोडायचीच म्हणून आलेली. तिथेही नाल्ट्रेक्सोनचा फायदा दिसलाच.

‘कंपनीकडून किती मिळाले?’ हे मात्र लागलं. मी शाळेत गणित शिकवतो. एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून आई वडिलांच्या आमटीत डायसल्फिरम कुस्करून घालायची, त्यांना न सांगता. एका संध्याकाळी ते बाहेर पिऊन आले : चेहरा लालभडक, धाप, ओकाऱ्या, छाती धडधडतेय. मोरीशी त्यांना धरून मी बसलो होतो, वय तेरा. गोळ्यांची भीती मला तुम्ही शिकवू नका.

गोळीने यकृत बिघडेल म्हणाल तर त्यासाठी रक्ततपासणी असते, डॉक्टर करून घेतात. बाकी मुद्दे सोडून देतो.

आणि यापुढे ‘लेखकमहाशय’ नको. ‘सर’ चालेल, पोरं तेच म्हणतात.