सी गेला, डीही गेला

काल तपकीर गल्लीतल्या एका दुकानात माझी अक्कल निघाली, तीही माऊस बदलून घ्यायला आलेल्या एका काकांदेखत.

हार्ड डिस्क गेली होती. तरी मी निर्धास्त. तीन वर्षं रोज रात्री अकराला बॅकअपचं सॉफ्टवेअर आपोआप चालायचं, कोपऱ्यात हिरवी खूण दाखवायचं.

"बॅकअप कुठं घेत होतात?"

"सीचा डीवर."

"आणि डी कुठंय, साहेब?"

टेबलावर एकच डिस्क पडली होती. सी आणि डी हे तिचेच दोन कप्पे. हे त्या सॉफ्टवेअरनं तीन वर्षांत एकदा तरी बोलायला नको? 'प्रो आवृत्ती घ्या' हे मात्र दर सोमवारी न चुकता!

"पानशेत!" काका ओरडले. "१२ जुलै १९६१! धरण फुटलं तेव्हा आम्ही इथंच, पुण्यात, नारायण पेठेत. वडिलांनी जमिनीचे कागद एका ट्रंकेत ठेवलेले, नकला दुसऱ्या ट्रंकेत. ट्रंका एकावर एक. मुठाबाई आली, दोन्ही घेऊन गेली. तुमचा सी आणि डी!"

"मग?"

"तिसरी नकल साताऱ्याला आत्याकडे. तीही का, तर वडिलांचा आत्यावर विश्वास नव्हता म्हणून. तिला दाखवायला पाठवलेली."

दुकानदार खूश. म्हणाला, "थ्री-टू-वन! तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर."

"तीच आमची आत्या!"

माझ्या घराबाहेर म्हणजे गूगल. तिथली फुकटची १५ जीबी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभाती गुलाबांनी केव्हाच भरली. गुलाब सुखरूप आहेत. सोसायटीचा तीन वर्षांचा जमाखर्च गेला, आणि रविवारी वार्षिक सभा आहे. खजिनदार मी. पार्किंगवाले जोशी 'डिस्क गेली' यावर विश्वास ठेवतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी सोसायटीत राहिलेला नाही.

"डेटा काढायचे आठ हजार," दुकानदार म्हणाला. "येईलच असं नाही."

पैसे मात्र जातीलच.

तोवर काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून अडीचशे रुपयांच्या माऊसचं बिल काढलं, मागोमाग त्याची झेरॉक्स. दुसरी झेरॉक्स चिंचवडला मुलीकडे, असं विचारलं नसताना सांगितलं. माऊस मुकाट्यानं बदलून मिळाला. वर नवं बिल.

"खजिनदार, हा जरा धरा," माझ्या हातात माऊस कोंबत काका म्हणाले. "शेजारून दोन झेरॉक्स काढून आणतो."

मी वीस मिनिटं माऊस धरून उभा होतो.