सर, लॅपटॉप फॉरमॅट मारू नका, आधी हे वाचा

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दुकान माझं आहे, तुम्ही दोन्ही वेळा आलात तेव्हा मी काउंटरवर नव्हतो, पण जबाबदारी माझीच. तुम्ही लिहिलंय की मुलीचा लॅपटॉप फॅन साफ करायला दिला, घरी नेल्यावर व्हर्च्युअलबॉक्समधलं (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू लिनक्स चालूच होईना, परत आणला तर आमच्या पोराने चेकिंगचे ५०० घेतले आणि विंडोज करप्ट आहे फॉरमॅट मारावा लागेल म्हणाला, आणि आता नवीन मशीन बनवायला गेलं तर यादीत फक्त ३२ बिट दिसतंय म्हणजे आम्ही आतला पार्ट बदलला.

सगळ्यात आधी, फॉरमॅट मारू नका. तुमच्या मुलीचे प्रॅक्टिकल, तिचं उबुंटू, सगळं साधारणपणे एका मोठ्या डॉट व्हीडीआय फाइलमध्ये (ती त्या मशीनची डिस्क) असतं आणि मशीन सुरू होत नाही म्हणून ती फाइल गेली असं होत नाही. फॉरमॅट मारला तर मात्र ती खरंच जाईल. आमच्या पोराने हे न बघता सांगितलं, चूक आहे, ५०० परत करतोय.

तुम्ही स्क्रीनचा फोटो टाकलाय त्यात लिहिलंय व्हीटी-एक्स बायोसमध्ये डिसेबल्ड आहे, म्हणजे असं मशीन चालवायला लागणारी प्रोसेसरची सोय (व्हर्च्युअलायझेशन) विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये बंद आहे. ही पण आमच्याकडूनच झालेली चूक. जॉब कार्ड काढून बघितलं, फॅनसोबत बायोस अपडेट केलेला आहे, आणि अपडेटनंतर बऱ्याचदा सेटिंग डीफॉल्टला जातात, त्यात व्हर्च्युअलायझेशन बंद झालं आणि लॅपटॉप देताना कुणी तपासलं नाही. पार्ट कुठलाच बदललेला नाही सर, हे मी ठामपणे सांगतो. व्हीटी-एक्स बंद असलं की व्हर्च्युअलबॉक्स ६४ बिटचे पर्याय दाखवत नाही, प्रोसेसर तोच असतो, त्यामुळे तुम्हाला शंका आली ते समजू शकतो.

घरी करायचं असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करताना एफ२ दाबत राहा (काही कंपन्यांत एफ१० किंवा डिलीट), ॲडव्हान्स्ड नाहीतर कॉन्फिगरेशनमध्ये इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असेल ते एनेबल्ड करा, एएमडी असेल तर त्याला एसव्हीएम मोड म्हणतात, सेव्ह करून बाहेर या. पण त्याआधी एक, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर बायोसमध्ये हात लावल्यावर निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, ती बहुतेक वेळा मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, आधी लिहून घ्या मगच सुरू करा. नंतर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसलं की झालं.

तरीही सुरू नाही झालं तर मशीनच्या नावाखाली सेव्ह्ड लिहिलंय का बघा. तसं असेल तर ती जुनी अवस्था उघडत नसेल, डिस्कार्ड करावी लागते, म्हणजे चालू कॉम्प्युटरची वायर काढल्यासारखं, डिस्कवर सेव्ह केलेलं राहतं, फक्त उघडं आणि सेव्ह न केलेलं जातं. चालू झालं पण रांगतंय आणि खाली हिरवं कासव दिसतंय तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन, हायपर-व्ही, आड आलंय, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तेवढ्यावर भागतं. ते कासव घालवायला विंडोजची मेमरी इंटिग्रिटी बंद करा असं कुणी सांगेल, ती सुरक्षेसाठी असते, मी तरी मुलीच्या लॅपटॉपवर बंद करणार नाही.

आणि मुलीला एवढं नक्की सांगा, जागा करायला म्हणून स्नॅपशॉट्सच्या (मशीनच्या जतन केलेल्या जुन्या अवस्था) फोल्डरमधली फाइल उडवू नको, त्या फाइली एकमेकींवर उभ्या असतात, एक गेली की मशीन उघडत नाही. आणि चिडून मशीन रिमूव्ह केलं तर डिलीट ऑल फाइल्स दाबायचं नाही, रिमूव्ह ओन्ली. मागच्या वर्षी एका मुलाचा अख्खा प्रोजेक्ट त्या एका बटणाने गेलेला मी बघितलाय, तो इथेच खुर्चीवर बसून रडला होता.

तुमच्या मुलीचं सबमिशन जवळ आलंय असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे रविवारी दुकान बंद असलं तरी मी ११ वाजता उघडतो, मीच बसेन, पैसे नाहीत. येताना चार्जर आणि ती ४८ अंकी की तेवढी आणा.