साप, बायको आणि 'मी नाही'

काल बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, आदाम-हव्वेच्या पहिल्या पापाचा, परत वाचला. आधीच सांगते, तिथे सफरचंद नाहीये, नुसतं फळ आहे. पण मी अडकले ती फळाच्या पुढच्या ओळींत. देव विचारतो, खाल्लंस का? हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं. आदाम म्हणतो, तू जी बाई मला सोबतीला दिलीस ना, तिने दिलं म्हणून खाल्लं. एका वाक्यात बायकोवर पण ढकललं आणि देवावर पण! हव्वा म्हणते सापाने भुलवलं. सापाला कोणी विचारलंच नाही, नाहीतर त्यानेही कोणाचं तरी नाव घेतलं असतं.

मी बरीच वर्षं पेलागियसच्या पार्टीत होते, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातल्या त्या ख्रिस्ती शिक्षकाच्या. त्याचं म्हणणं सरळ, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळता येते, आणि आदामाचं पाप आदामापाशी. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात पण तेच ना, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण आता बंद करा. तरी ४१८ मध्ये कार्थेजच्या चर्च-परिषदेने पेलागियसची शिकवण धुडकावली, आणि मला वाटायचं की पेलागियसचा विरोधक बिशप ऑगस्टीन, ज्याच्या मते आदामाचं पाप जन्मतःच सगळ्यांना लागतं, त्याने आपल्याला पाळण्यातच आरोपी करून टाकलं.

आता तेवढी खात्री वाटत नाही. पेलागियस दिसतो तेवढा मायाळू नाहीये हो. 'तुला जमतंच' असं एकदा म्हटलं की दहाव्यांदा दारू सोडून अकराव्यांदा घसरलेल्या माणसाला काय सांगणार, तू मुद्दाम करतोयस? येशूचा प्रेषित पौल तर रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःबद्दलच लिहितो की जे चांगलं करायचंय ते होत नाही आणि नको तेच हातून घडतं. ऑगस्टीन त्यालाच धरून म्हणतो, निवड आपलीच असते पण इच्छाच वाकलेली, कृपेशिवाय सरळ होत नाही.

बरं, हे कारण सांगून तो स्वतः सुटला का, तर नाही. सोळाव्या वर्षी पोरांबरोबर नासपती चोरल्या, भूक नव्हती, याहून चांगल्या जवळ होत्या, बहुतेक डुकरांपुढे टाकल्या. एवढ्याशा चोरीवर तो कितीतरी पानं लिहितो. एकटा असतो तर केलं नसतं हे पण कबूल करतो, तरी मित्रांना पुढे करत नाही, चोरीच आवडली म्हणून केली म्हणतो.

तान्ह्या बाळाला दोषी धरणं मात्र मला अजूनही पटत नाही. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणतात की आदामाकडून वारशाने मरण येतं, दोष नाही, ते जास्त पटतं. यावर कमेंटमध्ये भांडायला या.