सलीमभाईचा बोकड आणि खतवाल्याचा काटा

शनिवारी चाकणच्या बाजारातून सलीमभाई बकरी ईदेसाठी बोकड घेऊन आला आणि घरी नेण्याआधी त्याने तो कट्ट्यावर आणला. तिथंच चुकलं. आमच्या कट्ट्यावर वस्तू आली की ती मालकाची राहत नाही. नवी गाडी असो नाहीतर नवा जावई, किंमत आम्ही ठरवतो.

छोटा हत्ती टेम्पोतून उतरवला तेव्हा बोकड अजून बावरलेलाच होता. काळाकुळकुळीत, शिंगांना तेल चोपडलेलं, गळ्यात नवं हिरवं दावं. कुणी काही बोलायच्या आत दत्ताने त्याची मान डाव्या काखेत धरली आणि उजव्या अंगठ्याने खालचा ओठ ओढला. शेळीच्या जातीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ. त्यातले मधले दोन रुंद आणि पिवळट, बाजूचे सहा अजून तांदळाच्या कणीएवढे, दुधाचे.

"दोन दाती आहे, म्हणजे वर्षाच्या वरचा. केवढ्याला?"

"एकवीस हजार."

"वजन?"

"केलं नाही. नगावर घेतला."

दत्ताने बोकडाची मान सोडली. त्याच्याकडे पंधरा-वीस उस्मानाबादी शेळ्या आहेत, ईदेसाठी तो दरसाल पाच-सहा बोकड राखतो आणि घरीच काट्यावर विकतो. यंदाचा त्याचा भाव किलोला ४७५. त्याने बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, माकडहाडाजवळ दाबून पाहिलं आणि म्हणाला, "पस्तीस किलो. सोळा-साडेसोळाचा माल. वरचे साडेचार हजार कुठं पाडून आलास?"

"बेचाळीसच्या खाली नाही," सलीमभाई म्हणाला. "आणि मी मटण आणायला गेलो नव्हतो."

झालं. चहा सांगितला गेला.

सलीमभाईचं म्हणणं असं की कुर्बानीच्या जनावरात बघायच्या गोष्टी वेगळ्या. वर्ष पूर्ण झालेलं हवं. आंधळं, लंगडं, हाडं निघालेलं नको. शिंग मुळातून मोडलेलं नको. खच्ची केलेला चालतो. यातलं काय काट्यावर दिसतं? "कुराणातच आहे," तो म्हणाला, "सूरह हजमध्ये. मांस नि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, मनातली भक्ती. मग मी किलोचा भाव कशाला काढू? अब्बा सांगायचे, व्यापाऱ्याने भाव बोलला की आपण एकदा मागायचं. दुसऱ्यांदा मागायचं नाही. पटलं तर दावं हातात घ्यायचं, नाहीतर पुढं चालायचं."

"मांस वर पोचत नाही," गुरुजी म्हणाले, "पण एक वाटा माझ्याकडे पोचतो, त्यामुळे मला वजनात रस आहे."

गुरुजींचं हे नेहमीचं. चाळीस किलोच्या बोकडाचं अठरा-वीस किलोच मटण पडतं, त्याचे तीन वाटे, एक घरचा, एक नातेवाईक-शेजाऱ्यांचा, एक गरिबाचा, हा हिशोब त्यांना सलीमभाईपेक्षा पाठ आहे.

सलीमभाईने मग काट्याची दुसरी बाजू काढली. "किलोवर विकणारे रात्री जनावराला मीठ नाहीतर बेसन चारतात. सकाळी ते तहानेनं घटाघट पाणी पितं. दोन-तीन किलो पाणीच विकतात. मग घरी आणल्यावर बोकड फुगतो, हगवण लागते, अन् ईदेपर्यंत टिकला तर नशीब. डोळ्याला पोट दिसतं, काट्याला दिसत नाही."

"मी पाजतो पाणी?" दत्ता.

"तुझं कोण बोललं?"

"काट्यावर विकणारा इथं मीच आहे ना!"

एवढ्यात पप्प्याने मोबाईल पुढे केला. पप्प्या महिन्याभरापासून जिमला जातो आणि 'चौऱ्याहत्तरवरून सदुसष्टवर आलो' असं स्टेटस ठेवतो. त्याच्या मोबाईलवर मुंबईच्या देवनारचा बोकड होता, अंगावर चांदाची खूण, मागणी लाखात. "चाचा, हा बघा, याचं काय वजन करणार?" सलीमभाईने मोबाईल बाजूला सारला. त्याचा मेहुणा गोवंडीत राहतो. देवनारचा १९७१ पासूनचा महापालिकेचा कत्तलखाना, ईदेआधी राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून येणारे ट्रक, दोन दिवस ट्रकमध्ये उभी राहून आलेली जनावरं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. "चांदाची खूण घेणारे वेगळे. त्यांना व्हिडिओ काढायचा असतो," एवढं बोलून त्याने तो विषय संपवला, आणि बरं केलं.

दत्ता मात्र पेटला होता. मला वाटतं त्या दिवशीचं खरं बोलणं त्यानेच केलं. "तुम्हाला बोकड बाजारात दिसतो. मला वीस महिने आधी दिसावा लागतो. दोन दात पडायला जवळपास सव्वा वर्ष. शेळी गाभण पाच महिने. म्हणजे या मेअखेरच्या ईदेचा बोकड मी गेल्याच्या आधीच्या सप्टेंबरात शेळी भरवली तेव्हा ठरवला. आणि ईद एका जागेवर थांबते का? चांदाचं कॅलेंडर, दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं. २०१४ ला ६ ऑक्टोबरला होती. अख्खा पावसाळा बोकड बांधावर चरला, फुकटचा पाला, ईदेला विकून दिवाळी केली. आता ऐन मे महिन्यात. बांधावर धूळ आहे. घास विकत, हरभऱ्याचं भूस विकत, मक्याचा भरडा विकत, प्यायला टँकर. तेच जनावर, तेवढंच वजन, खर्च दुप्पट. हे तुझ्या डोळ्याला दिसलं का पाठीवर हात फिरवून?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ईद सरकते हे आम्हाला सुट्टीपुरतं माहीत. चाऱ्याच्या अंगाने कुणी विचार केला नव्हता. गुरुजींनी लगेच आठवण काढली की २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली होती आणि गावोगावच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही, पुढच्या दिवशी केली. तीन दिवसांची मुभा असतेच.

"हो, अन् तो एक दिवस बोकड माझ्याच दावणीला होते," दत्ता म्हणाला. "त्याचा भरडा कुणी दिला नाही."

"मागितला असतास तर दिला असता."

"मागतात होय?"

सलीमभाईच्या गल्लीत पूर्वी मोठ्या जनावरात सात घरांचा वाटा असायचा. मार्च २०१५ पासून राज्यात बैल कापणंही कायद्याने बंद झालं, रेडा राहिला, तो मिळणं आणि आणणं दोन्ही जिकिरीचं. मग ज्याची ऐपत आहे तो बोकडावर आला आणि ज्याची नाही तो गप्प बसला. गिऱ्हाईक वाढलं तर दत्ताला बरंच की, असं पप्प्या म्हणाला. दत्ताने त्याला २०२५ ची आठवण करून दिली. गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र काढलं होतं, ३ ते ८ जून जनावरांचे बाजार भरवू नका. ईद ७ ला. गाईंसाठी म्हणून काढलेलं पत्र, पण बाजार बंद म्हणजे शेळीचाही बंद. ओरड झाली, पत्र बदललं. "तोवर चार दिवस माझी झोप गेली. दारात व्यापारी उभा, म्हणतोय आता बाजारच नाही तर कुठं नेशील, दे बाराला."

इथं मला माझं बोलावंसं वाटलं. कट्ट्यावर मी सहसा चहाचे पैसे देतो आणि ऐकतो. पण दारातला व्यापारी मी पाहिलाय. माझ्या चुलतीकडे दोन शेळ्या असायच्या. एका ईदेआधी व्यापारी आला, बोकडाला पोटाखाली हात घालून वीतभर उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "बावीस किलो, काकू." चुलतीने मान डोलावली, कारण पन्नास वर्षांत बोकड तोलायची तिच्यावर वेळच आली नव्हती. मी सहज धान्याचा ताणकाटा आणला, पोत्याची झोळी केली, बोकड त्यात टाकून आढ्याला टांगला. एकोणतीस. व्यापाऱ्याला काही वाटलं नाही, हसला आणि म्हणाला, "मग एकोणतीसचा भाव वेगळा पडेल." किलोमागे पन्नास रुपये उतरवले त्याने, तिथल्या तिथं! तरी चुलतीला जास्तच मिळाले.

तेव्हापासून मला वाटतं की काट्याचं भांडण आपण उलट्या बाजूने भांडतो. घेणारा सलीमभाई फसला तर दोन-चार हजाराला फसेल, आणि श्रद्धेचा मामला म्हणून सोडूनही देईल. नजरेचा खेळ व्यापाऱ्याचा. तो दिवसाला शंभर जनावरं उचलतो, त्याचा हातच काटा आहे. ज्याच्याकडे विकायला वर्षात एकच बोकड आहे, त्या बाईचा हात काटा कसा होणार? काटा तिच्या दारात हवा.

"तेच म्हणतोय मी," दत्ता म्हणाला. पण तो ते म्हणत नव्हता. तो भलतंच म्हणत होता, आणि ते पुढच्या घोटाला बाहेर आलं. "सहा बोकडं दावणीला आहेत माझ्या. हाकेच्या अंतरावर. चाकणला कशाला गेलास?"

सलीमभाईने कप खाली ठेवला. २०२० साली बाजार बंद होते, सरकारने सांगितलं होतं की जनावर फोनवर नाहीतर ऑनलाइन घ्या, जमलं तर प्रतीकात्मक करा. त्या ईदेला त्याने बोकड दत्ताकडूनच घेतला होता, व्हिडिओवर बघून, किलोवर.

"त्या वर्षी तुझा बोकड जरा लंगडत होता," सलीमभाई हळू म्हणाला.

"खुरात काटा होता! दोन दिवसांत बरा झाला!"

"झाला ना. पण ते दोन दिवस मला तुला विचारता येईना. बाजारातल्या माणसाला मी म्हणतो, चालवून दाखव, ओठ ओढून दाखव, हा नको, दुसरा काढ. तुला काय म्हणू? तुझी आई चहा करून आणते, तुझा पोरगा त्याला नावाने हाक मारतो. मग मी म्हणू की कानाला बिल्ल्याचं भोक आहे, दुसरा दे?"

"बिल्ल्याच्या भोकाने काही होत नाही, मौलानांनी सांगितलंय."

"माहीत आहे. म्हणायचं कसं, ते सांग."

दत्ता काही बोलला नाही. त्याचा एक बोकड मागच्या वर्षी असाच परत गेला होता. तेरा महिने पूर्ण, जन्माची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली, पण दात पडले नव्हते. नियम वर्षाचा आहे, दात हा नुसता पुरावा, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक होतं. तरी तो ओठ ओढून बघून निघून गेला. परक्याने परत केला तर एवढं लागत नाही.

शेवटी गुरुजी उठले. "समोर खतवाल्याचा काटा आहे. पस्तीस की बेचाळीस, एकदाचं होऊन जाऊ दे."

बोकड काट्यावर उभा राहीना. पत्र्यावर खूर वाजला की उडी मारून खाली. तीनदा झालं. खतवाला वैतागला, पोती अडली होती. मग पप्प्याने बोकड कवेत उचलला आणि स्वतःच काट्यावर चढला. लाल आकडे वर-खाली नाचले आणि थांबले. १०९.

"आता माझे वजा करा," पप्प्या म्हणाला. "सदुसष्ट."

"बेचाळीस!" सलीमभाई ओरडला.

दत्ताने पप्प्याला खालपासून वर न्याहाळलं, मघाशी बोकडाला न्याहाळलं होतं तसंच. "बोकड खाली ठेव आणि एकटा चढ."

पप्प्या काट्यावरून उतरला, बोकड सलीमभाईच्या हवाली केला आणि म्हणाला की त्याला उशीर होतोय.

"अरे चढ की! चौऱ्याहत्तर भरलास तर पस्तीस होतात बरोबर!"

"सदुसष्टच धरा," सलीमभाई म्हणाला आणि हिरवं दावं मनगटाला गुंडाळून घराकडे निघाला.