हॉल ओव्हर्टन यांचं नाव राहूनच गेलं

जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या टाउन हॉल मैफलीवरच्या लेखातलं 'दहा जणांच्या ताफ्यात मंकचा पियानो बुजला' हे वाक्य अजिबात पटलं नाही. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या त्या १९५९च्या मैफलीतलं 'लिटल रूटी टूटी' पुन्हा ऐका. ही रचना मंकनं १९५२मध्ये त्रिकुटासोबत ध्वनिमुद्रित केली होती. त्यातला पियानोचा सोलो (एकल वादन) संगीत संयोजक हॉल ओव्हर्टन यांनी स्वरलिपीत उतरवला आणि सगळ्या ताफ्यासाठी लिहून काढला. मंकच्या बोटांतले ते तिरके, अडखळल्यासारखे वाटणारे स्वर सॅक्सोफोनवादक फिल वुड्स, चार्ली राउझ, पेपर ॲडम्स आणि मंडळी एका दमात फुंकतात, तेव्हा अंगावर काटा येतो. खाली ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्याचा खर्ज तर काय भरदार लागलाय!

एवढं काम करणाऱ्या ओव्हर्टन यांचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचं फार वाईट वाटलं.