रिकामी गव्हाण
आगमनकाळावरचा, म्हणजे नाताळाआधीच्या चारेक आठवड्यांवरचा, लेख आवडला, पण आगमनकाळ म्हणजे फक्त नाताळची तयारी, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. पहिल्या रविवारची वाचनं नीट ऐका: 'जागृत राहा' हा सूर आहे, बाळ येशू त्यात कुठेच नाही. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा रोख मुख्यतः ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो. बेथलेहेमकडे, म्हणजे येशूच्या जन्माकडे, ती वळते ती १७ तारखेपासून.

त्या १७ ते २३ या सात दिवसांचा उल्लेख लेखात हवा होता. सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी रोज ख्रिस्ताला एका वेगळ्या नावाने हाक मारतात: हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या अंकुरा... शेवटी हे इम्मानुएल. लॅटिन नावांची आद्याक्षरं उलट क्रमाने लावली की 'एरो क्रास' होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. हे मुद्दाम केलं की योगायोग, यावर वाद घालणारे घालोत, मला तर दरवर्षी काटा येतो. आणि २१ तारखेची हाक 'हे उदयसूर्या' अशी, नेमकी सर्वात मोठ्या रात्रीच्या सुमारास!

आमच्या वसईकडे हल्ली डिसेंबर लागला की लगेच येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे आणि रोषणाई. आई मात्र गव्हाण २४च्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवायची. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साहून (उपासनेहून) आल्यावर, पाय धुऊन, मग बाळ त्यात ठेवायचं. लहानपणी मी एकदा ते आधीच ठेवलं होतं, तर तिने न बोलता उचलून परत कपाटात ठेवलं.