शिकावं लागतं म्हणजे सॉफ्टवेअर फसलं?

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: चांगलं सॉफ्टवेअर शिकावं लागत नाही, उघडल्यापासून पाच मिनिटांत काम जमलं पाहिजे. लोक जेमतेम वीस टक्के फीचर्स वापरतात, तेव्हा बाकीची काढून टाका, नाहीतर आत कुठेतरी लपवा. आणि शॉर्टकट, कमांड वगैरे म्हणजे जुन्या लोकांचा हट्ट. तिकीट काढायच्या अ‍ॅपबद्दल कुणी हे म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण पोस्टमध्ये नावं घेतलीत ती ऑटोकॅड (इमारतींची वगैरे ड्रॉइंग काढायचं), ब्लेंडर (थ्रीडी चित्रं आणि अ‍ॅनिमेशनचं), एक्सेल, फायनल कट (व्हिडिओ एडिटिंगचं) यांची. लोकांचं पोट ज्यांच्यावर चालतं अशी ही साधनं. तिथे हा सल्ला नुकसान करणारा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“शिकावं लागलं, म्हणजे डिझाइन फसलं.”

नवखेपणा काही आठवड्यांचा असतो. त्यानंतर तोच माणूस त्याच सॉफ्टवेअरसमोर दहा-पंधरा वर्षं बसतो. पहिली पाच मिनिटं सुखाची जावीत म्हणून पुढची पंधरा वर्षं त्याने अडखळत काम करायचं, हा कुठला हिशेब?

ऑटोकॅडवर हात बसलेल्या माणसाशेजारी एकदा बसून बघा. उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर. एल, एंटर, एक क्लिक, माउस जरा उजवीकडे, ३०००, एंटर. भिंतीची रेघ झाली. पुन्हा एंटर, मग ओ, एंटर, २००, एंटर, रेघेवर क्लिक, बाजूला क्लिक. भिंतीला जाडी आली. एवढ्या वेळात त्याची नजर ड्रॉइंगवरून हललेली नसते. मेनूत शोधाशोध करायला लागली की डोक्यात जुळवलेलं ड्रॉइंग विस्कटतं, हे त्याला अनुभवाने माहीत असतं.

मग नवख्याने काय करायचं? त्याच्यासाठी वरती आयकॉन आहेतच. तो रेघेच्या आयकॉनवर क्लिक करतो, तेव्हा खालच्या कमांड लाइनवर ‘लाइन’ हे कमांडचं नाव उमटतं आणि पहिला बिंदू कुठे, असा प्रश्न येतो. दिवसातून पन्नास वेळा ते डोळ्यांखालून गेलं की एक दिवस तो नुसतं एल टाइप करून बघतो. मला या साधनातलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच. सोप्या वाटेवरून चालतानाच जवळची वाट दिसत राहते. नव्या मुलांना शिकवताना मी पहिल्या दिवशी आयकॉन वापरू नका असं कधीच म्हणत नाही. “खालच्या ओळीकडे लक्ष असू द्या,” एवढंच सांगतो. बाकीचं काम ती ओळ करते.

“वीस टक्केच वापरतात, बाकीचं काढा.”

वापर मूठभर कमांडभोवती एकवटतो, हे खरं आहे. मायक्रोसॉफ्टने वर्ड २००३ चा वापर मोजला तेव्हा पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच कमांड सुमारे ३२ टक्के वेळा वापरल्या गेल्याचं दिसलं. पण पहिल्या दहाएक कमांडनंतर आलेख जवळपास सपाट होतो. म्हणजे उरलेला वापर शेकडो कमांडमध्ये थोडाथोडा वाटलेला आहे. वकिलाला ट्रॅक चेंजेसशिवाय चालत नाही, प्रबंध लिहिणाऱ्याला तळटिपांशिवाय, शेकडो पत्रं पाठवणाऱ्या कार्यालयाला मेल मर्जशिवाय. प्रत्येकाचे वीस टक्के वेगळे. ‘बाकीचं’ काढायला गेलात की कुणाच्या तरी रोजच्या कामावर कुऱ्हाड पडते.

ती कशी पडते, हे फायनल कटने दाखवून दिलं. जून २०११ मध्ये अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स आणलं. नवख्यांना ते आधीच्यापेक्षा नक्कीच सोपं होतं. पण जुन्या आवृत्तीतले प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हते, मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र एडिट करायची सोय) नव्हता, एडिट झालेलं काम साउंडवाल्याकडे किंवा चित्राचे रंग जुळवणाऱ्या कलरिस्टकडे सोपवायच्या नेहमीच्या सोयी नव्हत्या. एडिटर मंडळी खवळली. मल्टिकॅम परतायला जानेवारी २०१२ उजाडलं, आणि तोवर कित्येकांनी दुसरं सॉफ्टवेअर धरलं होतं.

“अवघड ते लपवा.”

हा प्रयोगही होऊन गेलाय. ऑफिस २००० मधले मेनू आपणहून आखूड व्हायचे. तुम्ही जे वापरत नाही ते दिसेनासं व्हायचं, आणि तळाच्या बाणावर क्लिक केलं किंवा थोडं थांबलं की बाहेर यायचं. काल चौथी असलेली ओळ आज दुसरी. नवख्याला कळेना की ही सोय मुळात आहे की नाही, आणि सराईताच्या हाताला जागा सापडेना. २००७ मध्ये रिबन (मेनूंच्या जागी वर आयकॉनची रुंद पट्टी) आला आणि ते मेनू गेले.

नवख्याला जपायची चांगली रीत त्याच्या कितीतरी आधी सापडली होती. १९८४ मध्ये आयबीएममधल्या जॉन कॅरल आणि कॅरोलाइन कॅरिथर्स यांनी एका वर्ड प्रोसेसरमधल्या अवघड सोयी शिकाऊंपुरत्या बंद केल्या. त्या मेनूत दिसत होत्या, पण निवडल्या की ‘ही सध्या उपलब्ध नाही’ असा निरोप यायचा. शिकाऊ लवकर मार्गी लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला. सगळं जागच्या जागी राहिल्यामुळे पुढे काय आहे हेही त्यांना दिसत होतं.

“शॉर्टकट म्हणजे जुन्यांचा हट्ट.”

एक्सेलमध्ये ऑल्ट, ई, एस, व्ही, एंटर. सूत्र वगळून फक्त किंमत पेस्ट. ही अक्षरं जुन्या मेनूंवरून आलेली. ते मेनू जाऊन रिबन आला तरी मायक्रोसॉफ्टने ही कळांची साखळी चालू ठेवली, आणि ती आजही चालते. रोज हिशेबाचे तक्ते हाताळणाऱ्याची बोटं ती न बघता दाबतात. वर्षानुवर्षं कमावलेल्या सफाईला हट्ट म्हणू नये.

पोस्टमागचा वैताग मात्र मला कळतो. “आम्ही असंच शिकलो, तुम्हीही शिका,” असं म्हणून नवख्यांना ताटकळत ठेवणारे जाणकार मी पाहिलेत, आणि मला त्यांचा राग येतो. ब्लेंडरमध्ये वर्षानुवर्षं वस्तू निवडायला उजवं बटण दाबावं लागायचं. बाकी जवळपास सगळीकडे डावं. नवा माणूस पहिल्याच क्लिकला चुकायचा, आणि त्या अडचणीतून त्याच्या पदरात काहीच पडत नव्हतं. अशी अडचण काढलीच पाहिजे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीने डावं बटण डिफॉल्ट केलं. ते पहिल्यांदा उघडलं की एक छोटी चौकट विचारायची: निवड डाव्याने की उजव्याने, शॉर्टकट नवे की आधीच्या आवृत्तीतले? ज्यांचा हात उजव्यावर बसला होता त्यांनी उजवं निवडलं आणि कामाला लागले.